अठ्ठेचाळीस ठोके

कस्तुरी ढमाले यांचं पत्र मला नोव्हेंबरात आलं. मी त्याला उत्तर दिलं नाही. शाळेच्या वहीतली दोन पानं, निळी शाई, सरळ अक्षर. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली, त्यामुळे पहिल्या वाचनात मला एवढंच दिसलं की या बाईंच्या लिहिण्यात एकही चूक नाही. पत्रात काय म्हटलंय ते दुसऱ्या वाचनात कळलं. मग मी ते घडी करून शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात ठेवून दिलं.

एका खेळाच्या शेवटी येणाऱ्या नावांत माझं नाव वाचून त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता. 'तळ' या खेळात माणूस अतिशय घाबरलेला असताना यंत्र त्याची नोंद 'शांत' अशी करतं, हे तुमच्या पाहण्यात कधी आलं का? 'आलं असेल तर दोन ओळी लिहून पाठवा,' असं त्यांनी म्हटलं होतं. 'नऊ जानेवारीला तारीख आहे. माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे.'

उत्तर मला माहीत होतं. आणखी एकाच व्यक्तीला ते माहीत असण्यासारखं होतं, आणि ती व्यक्ती म्हणजे माझी पुतणी.

मी लग्न केलं नाही. ऋजुता माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ आता नाही. महिन्यातून एकदा ती पुण्याहून मिरजेला येते, माझा गोळ्यांचा डबा भरते, फ्रिज पुसते, आणि सध्या काय वाचताय म्हणून विचारते. हे शेवटचं मला दुसरं कोणीही विचारत नाही.

तीन वर्षांपूर्वी अशीच एका रविवारी आली आणि चहा ओतता ओतता म्हणाली, "काका, तुम्हाला कशाकशाची भीती वाटते?"

"का गं?"

"सांगा तर."

"लिफ्टची. कुत्र्यांची. बँकेतल्या त्या बाईंची."

"कुठल्या बाई?"

"सही जुळत नाही म्हणतात त्या."

ती हसत सुटली. "तुम्ही म्हणजे आमच्यासाठी खजिना आहात. नवीन खेळ काढतोय आम्ही. भीतीचा. एकवीस जणांवर चाचण्या झाल्या, पण सगळी ऑफिसातली पोरं. घाबरायला मिळालं की खूश होतात, टाळ्या देतात. मला एक खराखुरा भित्रा माणूस पाहिजे."

"मला नाही जमणार ते."

"शिवाय मराठी कोण लिहिणार? 'प्राणवायू संपत आला आहे' एवढ्या वाक्यात आमची पोरं तीन चुका करतात."

या वाक्याने मी फसलो.

खेळाची गोष्ट साधी होती. शनीच्या एका चंद्रावर बर्फाच्या जाड थराखाली समुद्र आहे. त्या समुद्राच्या तळाशी माणसांनी एक संशोधन केंद्र बांधलं. तिथे अकरा जण होते, आता कोणी नाही. खेळणारा एकटा त्या केंद्राच्या बोळांतून फिरतो, अकरा जणांनी मागे ठेवलेल्या नोंदी ऐकतो आणि वर जायचा रस्ता शोधतो. तिथे आणखी काहीतरी वावरत असतं. त्याला डोळे नाहीत, पण कान आहेत. ते जवळ आलं की भिंतीतल्या एखाद्या लोखंडी कपाटात शिरायचं आणि श्वास रोखायचा. हे सगळं डोळे पूर्ण झाकणाऱ्या एका मोठ्या चष्म्यात दिसतं, आणि त्यातला माइक खरोखरचा श्वास ऐकतो. सुटला की संपलं.

त्या अकरा मेलेल्या माणसांच्या नोंदी मी लिहिल्या, आणि ऋजुताच्या सांगण्यावरून वाचून ध्वनिमुद्रितही केल्या. तिथे मी एक वेडेपणा केला. आमच्या छापखान्यात एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने मुद्रित तपासायचं, अशी पद्धत होती. वाचणारा विरामचिन्हंसुद्धा वाचायचा. माझी उमेदीची सगळी वर्षं त्या वाचण्यात गेली. तर मी माझ्या नोंदीही तशाच वाचल्या: "दार आतून लावलं आहे पूर्णविराम कोणीतरी माझ्या आवाजात बोलतं आहे पूर्णविराम." ध्यानात आलं तेव्हा मी शरमेने अर्धमेला झालो. पण पोरांना ते फार आवडलं. त्यांनी तो आवाज नोंदींतून काढला आणि त्या बिनडोळ्यांच्या प्राण्याला दिला. खेळ बाजारात आल्यावर मुलं त्या प्राण्याला 'पूर्णविराम'च म्हणायला लागली.

आता यंत्राबद्दल. मला जेवढं समजलं तेवढं सांगतो.

भुताची गोष्ट सांगणारा शहाणा माणूस सगळा वेळ पोरांच्या तोंडाकडे बघत असतो. पोरं कंटाळली की आवाज खाली आणतो, रडायला आली की भुताला शिंक आणून हसवतो. ऋजुताने हेच काम एका प्रणालीला शिकवलं. तिचं नाव 'सूत्रधार'. खेळणाऱ्याच्या मनगटावर एक पट्टा असतो. सूत्रधाराला त्यातून नाडी आणि घाम कळतो, माइकमधून श्वास कळतो. भीती फार कमी झाली तर तो प्राण्याला जवळ आणतो, फार वाढली तर लांब नेतो. कुठल्या आवाजाला तुम्ही दचकता, कुठल्या अंधाराकडे पाठ करत नाही, हे तो हळूहळू शिकतो. दहा तासांत तो तुम्हाला तुमच्या आईइतका ओळखायला लागतो, असं जाहिरातीत होतं.

पण आपल्याकडच्या घामाचा भरवसा नव्हता. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पंखा बंद करून खेळणारा पोरगा भीती नसतानाही निथळत असतो. म्हणून घामाला जवळजवळ किंमत ठेवली नाही. कपाटात श्वास रोखायचाच असतो, म्हणून तिथे श्वासही धरत नसत. उरली नाडी. नाडी चढली की भीती, नाडी उतरली की माणूस निवांत. एकवीस जणांवर हे अगदी बिनचूक ठरलं.

बाविसावा मी.

पुण्यातल्या त्यांच्या ऑफिसात, सकाळी अकरा वाजता, काचेतून ऊन येत असताना मी तो चष्मा चढवला. पाच मिनिटांत ऊन गेलं. बोळ होता, पायाखाली घोटाभर पाणी होतं, आणि भिंतींवर बाहेरच्या समुद्राचा दाब. लोखंड कण्हावं तसा आवाज येत होता. मी एका दाराशी पोचलो तेव्हा मागून शब्द आले. सावकाश, एकेक, माझ्याच आवाजात. "कोणी आहे का प्रश्नचिन्ह."

मी कपाटात शिरलो. दाराला वर तीन फटी होत्या. फटींतून त्याची पाठ दिसली. ओली, वाकलेली, श्वासाबरोबर न हलणारी. मी श्वास रोखला. आणि मग माझ्या अंगात काहीतरी बंद पडलं. काळीज धडधडेल असं वाटलं होतं; तसं झालं नाही. ते लांब गेलं. हातपाय दुसऱ्या कुणाचे झाले. ओरडावं असं मनात आलंच नाही, कारण ओरडणारा कोणी आत शिल्लक नव्हता. पट्ट्यावर माझी नाडी बहात्तरवरून अठ्ठेचाळीसवर आली. सूत्रधाराला वाटलं, आजोबा कंटाळले. त्याने त्या प्राण्याला वळवलं आणि कपाटाशी आणलं. मी आणखी थिजलो. त्याने दार उघडलं. मी हललो नाही. त्याने तोंड माझ्या कानापाशी आणलं आणि म्हटलं, "मी इथे नाही पूर्णविराम." आणि तो तिथेच थांबला. बारा मिनिटं. जितका मी गार पडत गेलो तितका तो जवळ येत गेला.

चष्मा काढल्यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या. "काका, तुम्ही तर वाघ निघालात! एवढा शांत माणूस आम्ही बघितलाच नाही." माझी पँट ओली झाली होती. मी मांडीवर वर्तमानपत्र धरून बसून राहिलो, सगळे जेवायला जाईपर्यंत.

चाचणीचा अहवाल ऋजुताने मला कागदावर छापून दिला, भाषा तपासायला. त्यात माझ्या नावापुढे होतं: 'कमाल भीती: नगण्य. स्थिती: शांत.' मुद्रितशोधकाने मजकुराला हात लावायचा नसतो. शंका आली तर समासात पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह करायचं, लेखकाला विचारायचं, आणि त्याने निकाल दिला की ते खोडून प्रत स्वच्छ करून द्यायची. मी प्रश्नचिन्ह केलं. शेजारी लिहिलं, 'नाडी उतरली, पण भीती होती. ससा गवतात थिजतो तसं?' जीवशास्त्राच्या एका पुस्तकाची मुद्रितं मी कधीकाळी तपासली होती. त्यात होतं की पळायला वाट असेल तर प्राण्याचं काळीज धावतं, वाटच नसेल तर काहींचं मंदावतं. पण मी काही शास्त्रज्ञ नाही.

ऋजुताने ते वाचलं. "काका, तुम्ही रक्तदाबाची गोळी घेता ना? तिने नाडी खाली राहते. म्हणून तुमचा आकडा आम्ही शेवटी धरलाच नाहीये."

"असेल तसं," मी म्हणालो.

आणि रबर घेऊन समास स्वच्छ केला.

खेळ खूप चालला. त्यापेक्षाही जास्त चालल्या त्याच्या नोंदी. माणूस किती घाबरट आहे हे आकड्यांत सांगणारं असं साधन यापूर्वी नव्हतं. आधी मुलं एकमेकांना नोंदी दाखवायची. मग सुरक्षारक्षकांची भरती करणारे त्या मागायला लागले, मग विमा कंपन्या. मी हे सगळं पेपरात वाचत होतो आणि कात्रणं काढून ऋजुतासाठी ठेवत होतो.

नोव्हेंबरात ते पत्र आलं. जानेवारीची नऊ तारीख आली आणि गेली. त्या दिवशी मी घराबाहेर पडलो नाही. उत्तर दिलं तर ऋजुता यायची थांबेल, हे एकच मनात होतं. दुसरंही एक होतं. आपण म्हणतोय ते चूकच असेल, हे मला जन्मभर फार सोयीचं पडलं आहे.

मार्चात ऋजुता आली ती पेढे घेऊन.

"काका, कोर्टाने आमची नोंद पुरावा म्हणून धरली! पहिल्यांदाच. आता कंपनी त्याचा वेगळा विभाग काढतेय आणि मी त्याची प्रमुख."

"कसला खटला होता?"

"घरगुतीच. कराडकडची कोणीतरी बाई. नवऱ्याची दहशत होती म्हणते, म्हणून मुलीला घेऊन माहेरी आलेली. नवऱ्याच्या वकिलाने तिची 'तळ'ची नोंद काढली. खातं दोघांचं होतं. मोठमोठे बाप्ये ज्या कपाटात किंचाळतात तिथे ही बया चाळीस मिनिटं शांत. नाडी पन्नास. अशी बाई नवऱ्याला काय घाबरणार?"

"मुलगी कोणाकडे गेली?"

"वडिलांकडे. सध्या तरी." तिने माझ्याकडे बघितलं. "काय झालं? पेढा घ्या की."

मी उठलो आणि तिसरा खंड काढला. पत्र तिच्या हातात दिलं. ती उभ्या उभ्या वाचायला लागली. मग बसली आणि एक परिच्छेद मोठ्याने वाचला, जणू ऐकल्याशिवाय तिला खरं वाटत नव्हतं.

"'मी हा खेळ घेतला कारण त्यातली भीती बटण दाबून बंद करता येते असं ऐकलं होतं. पण कपाटात शिरल्यावर बाहेरून कडी वाजायला लागली. आमच्या खोलीची कडी ते असेच वाजवायचे. आत यायच्या आधी, पुष्कळ वेळ. मी हलले नाही तर संपतं लवकर, हे मला सवयीचं आहे. खेळात मात्र संपेना. मी जेवढी गप्प बसले तेवढी कडी जास्त वाजली. बटण दाबायला हात उचलला नाही. आता वकील म्हणतात, तुमची नोंद शांत आहे.'"

तिने पत्र खाली ठेवलं. "हे नोव्हेंबरचं आहे."

"हो."

"तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"नाही."

मग ती म्हणाली, "बाई खोटंही बोलत असतील, काका. वकिलाने लिहून दिलं असेल."

"असेल," मी सवयीने म्हणालो. मग म्हणालो, "चष्मा गाडीत आहे ना तुझ्या? मी पुन्हा खेळतो. तू शेजारी बस."

"तुमची गोळी..."

"ती गोळी डॉक्टरांनी गेल्या वर्षी बंद केली. डबा तूच भरतेस, ऋजू."

ती उठली. गाडीतून चष्मा घेऊन आली.

या वेळी मला बोळ पाठ होता. त्याने काही फरक पडला नाही. सूत्रधार मला विसरला नव्हता. बारा मिनिटांच्या ओळखीवर तो आता थेट कपाटापाशीच मला गाठायला आला. कपाटात पाणी छातीपर्यंत चढलेलं होतं. फटींबाहेर ती वाकलेली पाठ होती, आणि या वेळी तिच्यामागे ते अकराही जण रांगेत उभे होते, मी लिहिलेले, प्रत्येकाचं तोंड माझ्याकडे. ते माझ्या नोंदी वाचत होते, सगळे एकदम, माझ्याच आवाजात, आणि पूर्णविराम मात्र एका तालात येत होते. मला ऋजुताला हाक मारायची होती. ती दोन वितींवर बसली आहे हे मला माहीत होतं. हाक कुठून मारतात ते आठवेना. दार उघडलं. पाठ वळली. जिथे तोंड असायला हवं तिथे ओला कागद होता, कोरा, आणि तो माझ्या तोंडावर टेकला.

मग एकदम ऊन आलं. ऋजुताने चष्मा ओढून काढला होता. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला होता आणि ती तो चोळत होती.

"काका! काका, माझ्याकडे बघा. श्वास घ्या. घ्या ना."

मी घेतला.

तिच्या मोबाइलवर माझी नोंद उघडी होती. नाडी सेहेचाळीस. त्याखाली हिरव्या अक्षरांत शब्द होता, 'शांत'.

"हात बर्फासारखा झालाय तुमचा," ती म्हणाली. "मी तीनदा हाक मारली. तुमचे डोळे उघडे होते." ती रडत होती, पण ते तिला कळत नसावं. "पहिल्या वेळीही असंच झालं होतं?"

"हो."

"मग नीट का नाही सांगितलंत? भांडला का नाहीत माझ्याशी? पेन्सिलीने काय लिहिता!"

चाळीस वर्षांत मी कुणाशी भांडलो नव्हतो आणि त्यालाच सभ्यपणा समजत होतो.

ती खिडकीपाशी गेली. वळली तेव्हा तिचा आवाज ऑफिसातला झाला होता. "पुढच्या आवृत्तीत मी हे दुरुस्त करते. घामाची किंमत वाढवायची, थिजण्याची वेगळी खूण शिकवायची. सहा महिन्यांत होईल. कुणाला कळवायची गरज नाही."

"आणि ही मुलगी?"

"कुठली?"

"साडेचार वर्षांची."

तिने पेढ्यांच्या डब्याला झाकण लावलं.

"मी त्यांना लिहिणार आहे," मी म्हणालो. माझा आवाज इतका बारीक आला की मला वाटलं तिला ऐकूच गेलं नाही.

"अहवालावर सही माझी आहे, काका. एकट्या माझी. तुम्ही लिहिलंत की पहिला प्रश्न मलाच विचारतील: 'ही शंका माहीत असून तुम्ही ती सोडून का दिलीत?'"

"मी सांगेन की मी खोडलं."

"तुम्हाला कोण विचारतंय!" ती म्हणाली आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला. पण ते खरंच होतं.

जाताना तिने पर्स घेतली, चष्मा घेतला. दारात थांबली. "लिहिलंत तर मला वाचायला देऊ नका," म्हणाली. गोळ्यांचा डबा त्या महिन्यात मीच भरला. एप्रिलात ती आली नाही.

उत्तर लिहायला मला एकोणीस दिवस लागले. पहिले मसुदे फार लांब झाले. त्यांत मी शास्त्र समजावत होतो, माफी मागत होतो, माझ्या स्वभावाबद्दल लिहीत होतो. हे सगळं काढलं. शेवटी उरलं ते असं:

'श्रीमती कस्तुरी ढमाले यांस,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर होय असं आहे. खेळ बाजारात येण्याआधी झालेल्या चाचणीत मी अतिशय घाबरलेला असताना माझी नोंद शांत अशी झाली. माझी नाडी अठ्ठेचाळीस होती. मी ही शंका लिहिली होती आणि नंतर स्वतःच्या हाताने खोडली. गेल्या महिन्यात मी पुन्हा खेळून पाहिलं. तेव्हाही तसंच झालं. त्या वेळी माझी पुतणी ऋजुता खांबेटे हजर होती. हा खेळ तिने केला आहे.

तुमचं पत्र मला वेळेवर मिळालं होतं. नऊ जानेवारीच्या आधी मी उत्तर देऊ शकत होतो. दिलं नाही, कारण मी घाबरलो.

तुमच्या वकिलांना हे पत्र दाखवा. ते बोलावतील तिथे येऊन मी हेच सांगेन.

नरहर खांबेटे'

ऋजुताचं नाव लिहावं की नाही यावरच एक आठवडा गेला. तिचं नाव नसेल तर ही एका म्हाताऱ्याची आठवण ठरणार, आणि म्हाताऱ्यांच्या आठवणींना कोर्टात काय किंमत? नाव असेल तर तिला बोलावणार. ती खरं सांगेल की नाही हे मला माहीत नाही. मी तिला लहानपणापासून ओळखतो आणि तरी मला माहीत नाही. नाव ठेवलं.

सकाळी पोस्टात गर्दी होती. खिडकीतल्या मुलीने पाकीट काट्यावर ठेवलं.

"आत काय आहे?"

"पत्र."

"नुसतं पत्र?"

"हो."

"रजिस्टर करू? पोचल्याचं कळेल."

"करा."

तिने पत्ता टाइप केला, चिकटपट्टी लावली. मला वाटलं, त्या बाई आता कदाचित त्या पत्त्यावर नसतील. असल्या तरी पाकिटावरचं माझं नाव वाचून ते उघडणारही नाहीत. मुलीने शिक्का मारला आणि न बघता पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. मी पावती हातात धरून उभा राहिलो.

"आजोबा, झालं का तुमचं?" मागच्या बाईंनी विचारलं.

"झालं," मी म्हणालो आणि बाजूला झालो.